फेरा आणि बाकी : दिनदर्शिकेच्या गणिताची कथा



संगणकाच्या पडद्यावर एखादा महिना मांडून दाखविणारी जी छोटी आज्ञावली असते, तिच्यातील फेऱ्यांचे गणित समजून घ्यावयाचे, असा आजचा विषय आहे. तो ऐकताच कोणास वाटेल की, वसंत व्याख्यानमालेत हे यंत्रशाळेतील प्रकरण कोठून आले? परंतु या विषयाचा माग काढू लागलो की वाट आपल्याच मुलखातून जाते. ती पाथरीस जाते, कन्नडचा घाट उतरून पाटणला जाते, दौलताबादच्या पायथ्याशी येते आणि निजामी अमलातील महसुली दप्तरांतही शिरते. संगणक नवा आहे. पण त्याने दिनदर्शिकेसाठी उचललेली युक्ती फार जुनी आहे.

ती युक्ती एका वाक्यात सांगता येते. एकच कृती पुन्हा पुन्हा करावयाची, प्रत्येक वेळी मोजणी एकाने वाढवावयाची आणि ठरलेली अट पुरी झाली की थांबावयाचे. यास आपण फेरा म्हणू. फेरा फिरविणे सोपे असते. अडचण येते ती फेरा संपल्यावर जे थोडे उरते त्याची, म्हणजे बाकीची. कालगणनेचा सारा इतिहास हा त्या बाकीचे काय करावयाचे, याचा इतिहास आहे असे मला वाटते.

प्रथम ती आज्ञावली काय करते ते पाहू. उदाहरणासाठी सप्टेंबर १९४८ हा महिना घेऊ, कारण त्याची १७ तारीख मराठवाड्यातील लहान मुलासही पाठ असते. त्या दिवशी निजामाने युद्धबंदी जाहीर केली आणि मराठवाडा मुक्त झाला. हा महिना मांडावयास आज्ञावलीला दोनच गोष्टी कळाव्या लागतात : पहिल्या तारखेचा वार कोणता आणि महिन्याचे दिवस किती. १ सप्टेंबर १९४८ ला बुधवार होता आणि दिवस ३०. आठवडा रविवारपासून मांडावयाचा असेल तर रवि, सोम, मंगळ ही तीन घरे रिकामी सोडावी लागतात. हा पहिला लहान फेरा. तो तीन वेळा फिरून थांबतो.

मग मुख्य फेरा सुरू होतो. चौथ्या घरात १ लिहावयाचा, मोजणी एकाने वाढवावयाची, पुढच्या घरात २ लिहावयाचे. प्रत्येक घर भरल्यावर एक प्रश्न विचारावयाचा : रिकामी सोडलेली घरे आणि ही तारीख मिळून जी संख्या होते, तिला सातांनी पूर्ण भाग जातो काय? ४ तारखेस ३ आणि ४ मिळून ७ होतात, म्हणजे ओळ संपली. खाली नवी ओळ सुरू करावयाची. १७ तारखेस ३ आणि १७ मिळून २० होतात. सातांनी भागता बाकी ६, म्हणून ती तारीख सहाव्या घरात, शुक्रवारी पडते. ३० लिहून झाले की दुसरी अट पुरी होते आणि फेरा थांबतो. तोवर ३३ घरे झालेली असतात. पाच ओळींची ३५ घरे पुरी करण्यासाठी शेवटी दोन रिकामी घरे घालावयाची. झाला महिना!

येथे बाहेरचा फेरा ओळींचा आणि त्याच्या पोटातील फेरा सात घरांचा आहे. आपल्या भिंतीवरील अनेक मराठी दिनदर्शिकांत वार डाव्या बाजूस एकाखाली एक लिहिलेले असतात व तारखा वरून खाली उतरतात. तेथे फेऱ्यांची अदलाबदल करावी लागते. बाहेरचा फेरा वारांचा होतो आणि आतील फेऱ्यात तारीख एकाने न वाढता सातांनी वाढते. मांडणी बदलली, तरी गणित तेच राहते. यंत्राला वाराचा अर्थ कळत नाही. त्याला फक्त सातांनी भागून उरलेली बाकी कळते.

आता सात या संख्येकडे वळू. रविवारनंतर सोमवार आणि सोमवारनंतर मंगळवार का यावा? आकाशात रवीच्या शेजारी चंद्र व चंद्राच्या शेजारी मंगळ असा काही क्रम नाही. उत्तर पुन्हा बाकीतच आहे. प्राचीन ज्योतिष्यांनी सात ग्रह मंद गतीकडून शीघ्र गतीकडे असे मांडले : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. अहोरात्राच्या २४ होरा याच क्रमाने एकेका ग्रहास वाटून दिल्या आणि पहिल्या होरेचा जो स्वामी त्याचे नाव दिवसास दिले. चोविसांना सातांनी भागले की बाकी तीन राहते. म्हणून प्रत्येक दिवशी नाव तीन घरे पुढे सरकते : शनीपासून रवी, रवीपासून चंद्र, चंद्रापासून मंगळ. ही पद्धत ग्रीक जगाच्या संपर्कातून भारतात आली असे अभ्यासक मानतात. मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा इ. स. ४८४ चा स्तंभलेख आहे. वाराचा स्पष्ट उल्लेख असणाऱ्या आपल्याकडील जुन्या लेखांत त्याची गणना होते. त्यात गुरुवार आहे. त्या काळापासून वारांची ही साखळी एकदाही तुटलेली नाही.

वारांचा फेरा असा बिनतक्रार फिरतो, कारण त्यावर सूर्यचंद्रांचा अंमल चालत नाही. खरी कसोटी महिना आणि वर्ष यांची. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी सुमारे २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने झाले की ३५४ दिवस व थोडे वर होतात. सूर्याचे वर्ष मात्र ३६५ दिवसांहून थोडे मोठे. दरवर्षी सुमारे ११ दिवस उरतात. या बाकीचे काय करावयाचे? जगातील निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी उत्तरे दिली. रोमन परंपरेने चंद्र सोडला आणि सूर्य धरला. हिजरी गणनेने चंद्र धरला आणि ऋतू सोडले. आपल्या पंचांगाने दोघांनाही सोडले नाही. उरलेले दिवस शिलकीत टाकले आणि त्यांचा एक महिना भरला की तो अधिकमास म्हणून वर्षात घातला. ज्या चांद्रमासात सूर्याचे संक्रमण होत नाही तो अधिक, असा त्याचा नियम. शिलकीचे असे शिस्तीचे खाते ठेवणे ही मोठी बुद्धीची गोष्ट होती.

हे खाते ज्यांनी ठेवले ते पंडित आपल्या परिसरातच वावरत होते. कन्नडहून घाट उतरून चाळीसगावकडे निघाले की डोंगराच्या कुशीत पाटण लागते. सिद्धांतशिरोमणीकार भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तेथे मठ स्थापिल्याचा इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. हा चांगदेव देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. पुढे १५०३ च्या सुमारास गोदावरीकाठच्या पार्थपुरात, म्हणजे पाथरीस, ज्ञानराजाने सिद्धांतसुंदर हा ग्रंथ रचिला. सिद्धांतग्रंथ कल्पाच्या किंवा युगाच्या आरंभापासून दिवस मोजतात. गावच्या जोश्याने चतुर्थीचा दिवस काढावयास कोट्यवधी दिवसांच्या संख्या गुणाव्या, हे व्यवहारात बसणारे नव्हते. म्हणून करणग्रंथ जन्मास आले. त्यांत जवळचा एखादा दिवस शून्य मानावयाचा आणि तेथून पुढे मोजावयाचे. भास्कराचार्यांनी स्वतः उतारवयात, ११८३ साली, करणकुतूहल हा असा ग्रंथ लिहिला.

या प्रकारातील सर्वांत लोकप्रिय ग्रंथ म्हणजे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांचा ग्रहलाघव. त्यांचा शून्य दिवस शके १४४२ ची चैत्र शुद्ध प्रतिपदा, म्हणजे १९ मार्च १५२०, सोमवार. त्यांची युक्ती अशी की, वर्षे अकराअकरांच्या गटांत बांधावयाची. अशा एका गटास ते चक्र म्हणतात. एका चक्राचे दिवस ४०१६. हा आकडा कोठून आला? १३६ चांद्रमासांचे दिवस मांडले तर ४०१६.१६ येतात. म्हणजे चक्राचे पूर्ण दिवस ४०१६ आणि बाकी सुमारे एक षष्ठांश दिवस. ही बाकी गणेश दैवज्ञ विसरत नाहीत. सहा चक्रे झाली की एक दिवस भरला असे समजून तो मिळवावयास सांगतात.

त्यांच्याच रीतीने आपला मुक्तीचा दिवस काढू. त्या दिवशी शके १८७० च्या भाद्रपदातील शुद्ध चतुर्दशी, अनंत चतुर्दशी, होती. १८७० मधून १४४२ वजा जाता ४२८ वर्षे. अकरांनी भागता ३८ चक्रे आणि बाकी १० वर्षे. दहा वर्षांचे १२० महिने, चैत्र ते श्रावण हे ५ महिने गेलेले, एकूण १२५. आता अधिकमास. चक्रांची दुप्पट ७६, त्यात १० मिळवून ८६, त्यात १२५ मिळवून २११. तेहतिसांनी भागता ६ येतात. यांतील १० ही आरंभदिवशी आधीच जमलेली शिल्लक, आणि चक्रांची दुप्पट ही प्रत्येक चक्रागणिक हातचे राहिलेले दोन. १२५ आणि ६ मिळून १३१ महिने. प्रत्येकाच्या तीस तिथी धरून ३९३०, भाद्रपदाच्या गेलेल्या तिथी १३, आणि चक्रांचा सहावा भाग ६, एकूण ३९४९. चौसष्ट तिथींत साधारण एक तिथी दिवसापेक्षा जादा होते, म्हणून चौसष्टांनी भागून आलेले ६१ वजा करावयाचे. राहिले ३८८८. हा चालू चक्राचा अहर्गण.

वार काढण्यासाठी ४०१६ ला सातांनी भागा; बाकी ५ राहते. म्हणून प्रत्येक चक्राचे पाच, असे ३८ चक्रांचे १९०, अहर्गणात मिळवावयाचे. ४०७८ होतात, सातांनी भागता बाकी ४. शून्य म्हणजे सोमवार. मग ४ म्हणजे शुक्रवार. १७ सप्टेंबर १९४८ ला शुक्रवारच होता! सारी चक्रे उलगडली तर १,५६,४९६ दिवस होतात, आणि १९ मार्च १५२० ही जुन्या, ज्युलियन पद्धतीची तारीख धरून मोजले, तर नेमके तितकेच भरतात. सव्वाचारशे वर्षांचे अंतर एका पाटीवर मावले. फेरा प्रत्यक्ष फिरवीत बसण्याऐवजी भागाकाराने तो एकदम ओलांडावयाचा, पण वाटेतील बाकी मात्र सांडू द्यावयाची नाही, हे या रीतीचे मर्म आहे.

संगणकाची रीत याहून वेगळी नाही. संगणकांच्या एका मोठ्या परंपरेत १ जानेवारी १९७०, गुरुवार, हा शून्य दिवस मानला आहे; तो त्यांचा करणग्रंथच म्हणा ना! १९९५ मध्ये निर्माण झालेल्या जावास्क्रिप्ट या आज्ञाभाषेत रविवारचा क्रमांक शून्य आणि जानेवारीचाही शून्य. नवशिक्याला हे विचित्र वाटते. ग्रहलाघवाच्या अभ्यासकाला वाटणार नाही, कारण त्याचा सोमवारही शून्यच आहे. भागाकाराच्या बाकीने नावे ओळखावयाची तर मोजणी शून्यापासूनच सुरू होणार.

येथवर पाटीवरचे गणित झाले. परंतु बाकी ही नुसत्या पाटीवर राहत नाही; ती कोणाच्या तरी पदरी पडते. हिजरी वर्षाचे ३५४ दिवस आणि शेतातील पीक मात्र सूर्याच्या हिशेबाने येणारे. सूर्याची ३२ वर्षे होतात त्या अवधीत चांद्रवर्षे ३३ होतात. सारा चांद्रवर्षाने घेतला तर कुणब्याने ३२ पिकांवर ३३ वेळा सारा भरावयाचा! शिवाय हप्त्याची तारीख सरकत सरकत पेरणीच्या दिवसांत येणार, जेव्हा घरात दाणा नसतो. ही अडचण राज्यकर्त्यांनाही जाणवली. दौलताबाद तुघलकांच्या ताब्यात असताना, १३४४ पासून, शुहूर सन सुरू झाला असे मानतात. त्याचा आकडा हिजरी सनाचा घेतला, परंतु वर्ष पुढे सौर केले. सूर्य मृग नक्षत्रात गेला की तो सन बदले, म्हणून आपल्याकडे त्यास मृगसाल म्हणत. मराठेशाहीच्या कागदांवर इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा असे आकडे दिसतात ते याच सनाचे.

पुढे शहाजहानच्या कारकिर्दीत दख्खनेत फसली सन आला. फसल म्हणजे पीक. नावातच त्याचा हेतू आहे. निजामाच्या राज्यात, आणि म्हणून आपल्या या जिल्ह्यात, सरकारी व महसुली कारभार याच सनाने चाले. वर्षाचा आरंभ ऑक्टोबरच्या सुरुवातीस आजूर महिन्याने होई. म्हणून फसली सनाचे इसवी सन करताना आजूरपासून डिसेंबरअखेर ५९० मिळवावयाचे आणि पुढील महिन्यांत ५९१. १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस या हिशेबाने फसली १३५७ मध्ये पडतो. ५९० च मिळविले तर तो १९४७ मध्ये जाईल. जमिनीचा, वारसाचा किंवा जातीचा जुना दाखला वाचताना हे एका वर्षाचे अंतर आजही माणसाला रडवू शकते. फेरा कोठे सुरू झाला हे ठाऊक नसेल, तर बेरीज अचूक असूनही उत्तर चुकते.

आता दुसरी गोष्ट. बाकी अगदी बारीक असली आणि फेरा दीर्घकाळ फिरत राहिला, तर काय होते? सूर्यसिद्धांताचे वर्ष ३६५.२५८७५६ दिवसांचे आहे. ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे. फरक दिवसाच्या साठाव्या भागाएवढा. एका पिढीला तो जाणवत नाही. परंतु साठ वर्षांत एक दिवस या वेगाने शतकानुशतके तो साठत गेला. दिवस मोठा होऊ लागतो तो २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपली मकरसंक्रांत येते जानेवारीच्या मध्यावर. तारे धरून वर्ष मोजावे की ऋतू धरून, हा या वादाचा गाभा. त्यात दोन्ही बाजूंनी विद्वान उभे राहिले आहेत.

गणिताचा आकाशाशी मेळ घालण्याचा आग्रह महाराष्ट्रात जुना आहे. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये ग्रहसाधनाची कोष्टके प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून नव्या वेधांवर आधारलेले पंचांग निघू लागले. तेच पटवर्धनी पंचांग. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ साली भारतीय ज्योतिःशास्त्राचा इतिहास मराठीत लिहून या सर्व पद्धतींची छाननी केली. व्यंकटेश बापूजी केतकरांनी नवी गणिते रचिली. यांपैकी कोणासही परंपरेचा द्वेष नव्हता. पूर्वजांनी स्वतः वेध घेऊन आकडे सुधारले होते. मग आपण ते काम थांबविण्याचे कारण काय, एवढेच त्यांचे म्हणणे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. १९५५ मध्ये तिचा अहवाल आला आणि २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ या दिवसापासून, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिची अट सुटसुटीत आहे. शक वर्षात ७८ मिळवावयाचे. ते इसवी वर्ष लीप असेल तर चैत्र ३१ दिवसांचा, एरवी ३० चा. वैशाख ते भाद्रपद हे पाच महिने ३१ चे, आणि उरलेले सहा ३० चे. संगणकाला शिकवावयास याहून सोपी दिनदर्शिका मिळणे कठीण! परंतु लोकांनी सणवारांसाठी तिथीच धरली. गणिताची सोय आणि समाजाची सवय हे दोन वेगळे फेरे आहेत.

मग यंत्र आल्याने चुका संपल्या काय? नाही. १ ते ३१ असा फेरा ठरवून दिला आणि महिन्याची अट घालावयास विसरलो, तर यंत्र निमूटपणे ३१ सप्टेंबर लिहून देईल. शंभरांनी भाग जाणारे वर्ष चारशेंनीही भागले गेले तरच लीप, हा नियम १५८२ च्या ग्रेगरी सुधारणेचा. त्यानुसार १९०० हे लीप वर्ष नव्हते. तरीही हिशेबाच्या एका प्रसिद्ध संगणकीय तक्त्यात, लोटसमध्ये, २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस मोजला गेला. आणि पुढे एक्सेलने जुन्या तक्त्यांशी मेळ राहावा म्हणून तीच चूक जाणूनबुजून सांभाळली. याउलट युनिक्स प्रणालीतील दिनदर्शिका दाखविणाऱ्या आज्ञेला सप्टेंबर १७५२ विचारला, तर ती २ तारखेपुढे एकदम १४ लिहिते. इंग्लंडने त्या महिन्यात खरोखरच ११ तारखा गाळल्या होत्या. पहिल्या उदाहरणात फेरा आंधळा आहे, दुसऱ्यात त्याला इतिहास शिकविलेला आहे.

आपल्या जुन्या गणितात दोन प्रकारचे फेरे आढळतात. एक, किती वेळा फिरावयाचे ते आधी ठरलेले. महिन्याची घरे भरणारा फेरा तसा आहे. दुसरा, ग्रहणादी गणितात येणारे असकृत्कर्म. उत्तर काढावयाचे, तेच पुन्हा गणितात घालावयाचे, आणि मागील उत्तर व नवे उत्तर यांत फरक उरला नाही की थांबावयाचे. त्या स्थितीला जुना शब्द अविशेष असा आहे. समाजाने आपल्या कालगणनेशी वागावयाचे ते या दुसऱ्या रीतीने. केलेले गणित आकाशाशी, ऋतूंशी आणि माणसांच्या व्यवहाराशी ताडून पाहावयाचे, फरक दिसला तर दुरुस्त करावयाचे, पुन्हा ताडावयाचे. गणेश दैवज्ञ, छत्रे, साहा या सर्वांनी आपापल्या काळी हेच केले.

आज खिशातील यंत्र क्षणात तारीख सांगते, म्हणून ती तपासण्याची सवय सुटत चालली आहे. ती सुटू देऊ नये. घरातील शाळकरी मुलास कागदावर सात रकाने आखावयास सांगा, त्याच्या जन्माचा महिना घ्या, रिकामी घरे त्याला मोजू द्या आणि सातांनी भागून आपला जन्मवार काढू द्या. एवढे जमले की यंत्रातील आज्ञावलीही त्याला कळेल आणि पंचांगही कळेल. फेरा यंत्राने फिरवावा. परंतु तो कोठून सुरू झाला, कोठे थांबावयाचा आणि उरलेली बाकी कोणाच्या नावे पडली, हे पाहणे माणसाचेच काम आहे.